राहीबाईनं न बसवलेलं मनगट

राहीबाई मनगट बसवायला बसली की दोन माणसं लागायची. एक कोपर धरायला आणि एक तोंड दाबायला. कोपर धरणारा दणकट हवा, कारण राहीबाई ओढायची ती बैलानं ओढल्यासारखी. तोंड दाबणारा कसाही चालायचा. त्याच्या तळहातात ती लोकरीचा बोळा देऊन ठेवायची, चावलं तर बोळ्याला चावावं म्हणून. ती एक-दोन-तीन असं मोजायची नाही. समोरच्यानं श्वास सोडला की त्याच क्षणी हिसका द्यायची. किंकाळी फुटायची, हाडाला हाड लागल्याचा बोथट आवाज यायचा आणि राहीबाई म्हणायची, "झालं. आता रड किती रडायचं ते."

जामखेडच्या पलीकडं माळावर धनगरांची पंधरा-वीस घरं होती, त्यातलं एक तिचं. वय पंचेचाळिशीच्या पुढं-मागं. अंगानं काटकुळी, पण कोपरापासून खाली तिचे हात एखाद्या पैलवानाचे काढून लावल्यासारखे. नवरा तरणाबांड असतानाच पटकीनं गेला. मागं एक मुलगा राहिला, कानिफनाथ, आणि साठ-सत्तर मेंढरं.

ही विद्या तिला सासऱ्यानं दिली. रंभाजी मेंढरांचे पाय बसवायचा. मेंढरू खडकाच्या फटीत पाय घालतं, पुढं उडी मारतं आणि पाय मागं राहतो; असे पाय रोजचेच. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती. म्हणून दोघांच्या मध्ये मेंढी आडवी पाडलेली असायची आणि रंभाजी सगळं मेंढीलाच सांगायचा. "ऐक गं मेंढरा, अंगठा हितं दाब. अगं जोरात दाब, मरत न्हाईस." पदर दातात धरून राहीबाई अंगठा दाबायची. बरोबर जागी पडला तर रंभाजी मेंढीच्या पाठीवर थाप मारून मेंढीचं कौतुक करायचा.

आपण ज्याला मेंढीचा पुढचा गुडघा म्हणतो तो खरं तर तिचं मनगट असतं. तिथं सहा लहान हाडं असतात, माणसाच्या मनगटात आठ. चार-चारच्या दोन ओळी, एकीवर एक. त्यातल्या बहुतेकांना स्वतःचा असा स्नायू नाही. नुसत्या चिवट बंधांनी ती एकमेकांना बांधलेली असतात, ओल्या फडक्यात चिंचोके घट्ट बांधावेत तशी. म्हणून मनगट सगळीकडं वळतं, आणि म्हणूनच ते बिघडलं की कुठल्या चिंचोक्यानं दगा दिला हे बाहेरून कळत नाही. राहीबाईला आठ हा आकडा माहीत नव्हता. पण डोळे मिटून बोटं फिरवली की कोणतं हाड जागेवर नाही ते तिला कळायचं. मेंढरांवरून ती माणसांवर आली आणि पाच कोसांतली माणसं तिच्या ओट्यावर यायला लागली. रंभाजीनं मरताना तिच्याकडून एकच वचन घेतलं होतं, तेसुद्धा दावणीच्या मेंढीकडं बघून. "मेंढरा, ज्यानं हात पुढं केला त्याला न्हाई म्हनायचं न्हाई. आनी त्याच्याकडनं काई घ्यायचं न्हाई." बावीस वर्षांत तिनं ते मोडलं नव्हतं.

मेंढीची लोकर कातरायची तर तिला आधी पाडावी लागते. त्याची एक पकड आहे. पुढचा पाय त्या सांध्यावर धरायचा, आत वळवायचा आणि वळवता वळवता वर उचलायचा. मेंढी जोर लावत नाही. लावला तर दुखतं हे तिला समजतं. ती आपणहून खाली येते. राहीबाईनं ही पकड कानिफनाथला तो दहा वर्षांचा असताना शिकवली. पोरानं पहिल्या झटक्यात मेंढी पाडली तेव्हा तिला फार बरं वाटलं होतं.

चांगुणा सून म्हणून आली ती काष्टीकडून, पाण्याच्या मुलखातून. भाऊ सहादेव उसाच्या फडात काम करणारा. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोच एका संध्याकाळी तिच्या हातून वाघुरीची, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळ्याची, दोरी नीट बांधायची राहिली आणि लांडग्यानं एडका नेला. कानिफनाथनं शिवी दिली नाही, थोबाडीत मारली नाही. त्यानं तिचं डावं मनगट धरलं, आत वळवलं आणि वर उचललं.

चांगुणा मेंढी नव्हती. तिनं जोर लावला.

आवाज राहीबाईनं चुलीपाशी ऐकला. वाळलेला कडबा गुडघ्यावर मोडावा तसा. ती बाहेर आली तर सून मातीत लोळत होती आणि मुलगा तिच्याहून पांढरा पडला होता. "आये, काय झालं गं ह्ये? म्या नुसतं धरलं." तो लहान पोरासारखा रडायला लागला. राहीबाईनं त्यालाच कोपर धरायला लावलं. हाड बसवलं, अंड्याचा बलक आणि तुरटी लावली, बांबूच्या कांबट्या बांधल्या. शेजारणी आल्या त्यांना सांगितलं, "विहिरीवर पाय घसरला."

पाय घसरून मोडलेलं मनगट वेगळं असतं हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. पडताना माणूस तळहात टेकतो. हाड मागं सरकतं आणि हात बाजूनं बघितला तर पळीसारखा दिसतो. पिळलेल्या हाडाला तिरकी, लांब चीर जाते. ती चीर बोटाला लागत असतानाच तिनं पाय घसरल्याचं सांगितलं होतं.

दुसऱ्यांदाही डावंच. त्या वेळी कानिफनाथ रडला नाही, कांबट्या मात्र त्यानं स्वतः तासून आणल्या. तिसऱ्यांदा उजवं. त्या वेळी तो दारातूनच म्हणाला, "आये, बसव हिचं," आणि मेंढरांकडं निघून गेला. चांगुणा बोळा न चावता बसली होती. हिसका दिला तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही. राहीबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. ते बघणं राहीबाईला आवडलं नाही. "खाली बघ," ती म्हणाली.

त्यानंतर बहात्तरचं साल आलं. माळावर कुसळसुद्धा उरलं नाही. मेंढरं बसल्या जागी पाय पसरायला लागली. उरलेली एका सकाळी खाटकाच्या ट्रकमध्ये चढली आणि कानिफनाथ दिवसभर मेंढरांच्या रिकाम्या वाड्यात काठी घेऊन उभा राहिला. आठ दिवसांनी तिघंही सरकारच्या दुष्काळी कामावर गेली. रस्त्यासाठी खडी फोडायची. सुरुंग लावून खडक फोडायचा, पुरुषांनी घणानं त्याचे गोटे करायचे आणि बायकांनी हातोडीनं गोट्यांची खडी. उन्हात चारशे माणसं दगडावर लोखंड मारत होती. कपच्या उडून डोळे जायचे, बोटं चेचली जायची. दुपारी सरकारनं वाटलेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाताना कुणाच्या तरी हाताचं रक्त भाकरीला लागलेलं असायचं आणि ती तशीच खाल्ली जायची.

पंधरवड्यात बायकांची मनगटं गेली. हातोडीचा प्रत्येक घाव दगडावर पडतो तसा मनगटातही पडतो. अंगठ्याच्या मुळाशी दोऱ्यांसारख्या दोन कंडरा एकाच अरुंद म्यानातून जातात. अंगठा आवळून दिवसभर हातोडी हाणली की म्यान सुजतं आणि दोऱ्या घासायला लागतात. बोट ठेवलं तर आत करकर लागतं, कोरड्या वहाणेसारखं. राहीबाईचंही उजवं मनगट तसं झालं होतं. तरी दुपारच्या सुट्टीत तिच्यापुढं रांग लागायची.

"अंगठा मुठीत घाल. आता मूठ करंगळीकडं वाकीव."

"आई गं! मेले!"

"मेली न्हाईस. हाड नीट हाय, दोरी सुजलीया. ह्यो दांडा बारीक हाय, त्याला चिंदी गुंडाळ, म्हंजी लई आवळाया लागत न्हाई. आनी घाव खांद्यानं घाल, मनगटानं न्हाई."

"खांद्यानं घातला तर त्यो मुकादमाच्या डोक्यात बसंल."

"बसू दे. त्याचं डोकं काई मला बसवता येत न्हाई."

बायका हसायच्या. मुकादम काकासाहेब लांबून ओरडायचा, "ए धनगरीण, दवाखाना बंद कर तुझा! खडी कोन फोडनार, तुझा सासरा?" पण त्याच्या स्वतःच्या मनगटावर आलेली सुपारीएवढी गाठ तो रोज संध्याकाळी तिलाच दाखवायचा.

त्या रांगेत एकदा गोजरबाई बसली होती. तिच्याच वाडीची, तोंडानं फटकळ. चांगुणा शेजारच्या ढिगावर उजव्या हातात हातोडी धरायची धडपड करत होती आणि दर चार घावांनी हात बदलत होती. गोजरबाईनं तिकडं बघितलं आणि राहीबाईला म्हणाली, "राहे, तू बसवतीस म्हनून त्यो मोडतो."

"काय म्हनलीस?"

"मी काय म्हननार? तूच बग. ज्याच्या घरी लव्हार त्याला कुऱ्हाडीची काय फिकीर? माजा नवरा मला मारतो, पन हाड मोडत न्हाई. भितो. दवाखान्यात न्यावं लागंल, कागद हुतील, माजं भाऊ येतील. तुज्या कानिफाला कशाची भीती? आय हाय घरात."

राहीबाईनं तिचा अंगठा असा काही वाकवला की गोजरबाई किंचाळून उठली आणि शिव्या देत गेली. पण त्या दिवशी दगडावर हाणताना प्रत्येक घावाला ते शब्द तिच्या हातात उतरत राहिले. तीनदा. तीनदा तिनं मागं काही खूण राहू दिली नव्हती. गावाला कळलं नाही, सहादेवला कळलं नाही. मोडलेलं दुसऱ्या महिन्यात पुन्हा भांडी घासायला लागलं. आपण सुनेचं मनगट जोडत होतो की मुलाचं काम सोपं करत होतो? उत्तर तिला नको होतं, म्हणून ती आणखी जोरात हाणायला लागली आणि तिचं मनगट आणखी सुजलं.

चैत्र लागला. काष्टीहून सहादेवचा निरोप आला. कालव्याच्या कडेला अजून ऊस उभा आहे, तोडीला माणसं पाहिजेत, बहिणीला पाऊस पडेपर्यंत पाठवा. निरोप घेऊन आलेला माणूस दुपारी खडीच्या ढिगापाशीच भेटला, त्यामुळं तो दहा जणींनी ऐकला. चांगुणा उठली, पदर झटकला आणि नवऱ्यापाशी गेली. कानिफनाथ गोट्यावर घण घालत होता.

"मी जाती," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"कुटं?"

"भावाकडं."

"आनी हितं कोन, तुजा बाप फोडनार?"

"तुमी हाय की फोडाया. तेवडंच येतंय तुमाला."

आजूबाजूच्या दोघी-तिघी हसल्या. कानिफनाथनं घण खाली ठेवला. नीट ठेवला, दांडा मातीत पडू नये म्हणून दगडाला टेकवून. मग त्यानं तिचं उजवं मनगट धरलं. राहीबाई वीस पावलांवर होती. तिनं तोंड उघडलं, पण वळवणं आणि उचलणं एका दमात झालं होतं.

या वेळी दोन आवाज आले. चांगुणा गुडघ्यावर आली आणि मग तोंडावर पडली. खडीनं तिचं कपाळ फुटलं. कानिफनाथनं हात सोडला, घण उचलला आणि मान न वळवता म्हणाला, "आये, बसव हिचं. सुट्टीच्या आत उरक." आणि त्यानं पुढचा घाव घातला.

चारशे माणसांच्या त्या गोंगाटात तो एक घाव सगळ्यांना वेगळा ऐकू आला असावा, कारण आसपासच्या हातोड्या थांबल्या.

राहीबाई सुनेपाशी बसली. गोजरबाईनं न सांगता कोपर धरलं. दुसरीनं बोळा शोधला. राहीबाईनं हात मांडीवर घेतला आणि बोटं फिरवली. जुनी चीर पुन्हा उघडली होती आणि तिच्या खाली नवी. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो, ज्यात म्हातारी माणसं तपकिरीची चिमूट ठेवतात. त्या खळग्यात तिनं बोट दाबलं तशी चांगुणा कमरेतून उसळली. तिथलं होडीसारखं लहान हाड फुटलं होतं. हे वाईट हाड. एकदा तिनं एका पैलवानाचं ते नुसती चमक समजून महिनाभर चोळलं होतं आणि त्याचा हात कायमचा अधू झाला होता.

"बोटं हालीव."

बोटं हलली, थोडी.

"ह्ये कळतंय?" तिनं अंगठ्याच्या टोकाला नख लावलं.

"न्हाई."

"ह्ये?" तर्जनी.

"न्हाई. मुंग्या आल्यात."

"ह्ये?" करंगळी.

"ते कळतंय."

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक बोगदा असतो. तळाला ती लहान हाडं, वर चामड्यासारखा जाड पट्टा. त्यातून बोटांच्या नऊ दोऱ्या आणि त्यांच्यात एक नस जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तिच्यावर जिवंत असतात. त्या नसेवर हाड बसलं होतं. राहीबाईला नस हा शब्द त्या अर्थानं ठाऊक नव्हता. पण मेंढरांत तिनं असं बघितलं होतं. पाय बसायचा, पण तो जमिनीवर टेकलाय हे मेंढराला कळायचं नाही. ते आयुष्यभर खूर ओढत चालायचं.

"वड की गं," गोजरबाई म्हणाली. "सूज चढल्यावर वडनार हाय का?"

राहीबाईनं सुनेचा पंजा धरला. चांगुणानं डोळे मिटले, श्वास आत घेतला आणि सोडला. तोच क्षण होता. ओढलं तर कदाचित बसलं असतं. नेहमीसारखं. चाळीस दिवसांनी कांबट्या निघाल्या असत्या, वाडीला पाय घसरल्याचं कळलं असतं, आणि पाचव्यांदा मोडायला मनगट पुन्हा तयार झालं असतं.

तिनं पंजा सोडला. "न्हाई," ती म्हणाली.

"काय न्हाई?"

"मी न्हाई बसवत. दवाखान्यात न्यायचं. हाय असं."

तिनं आपल्या पदराची पट्टी फाडली, कांबटी म्हणून हातोडीचा दांडा काढला आणि वाकडा हात होता तसाच वाकडा बांधायला लागली. सरळ न करता बांधणं तिला येत नव्हतं. बोटं सवयीनं दाबायला जायची आणि ती मागं घ्यायची. चांगुणा आता ओरडत होती. बसवलेलं मनगट एकदाच दुखतं, न बसवलेलं सारखं.

घणाचा आवाज थांबला. कानिफनाथ आला. "काय लावलंय? दवाखान्यात कशाला? इचारतील त्ये."

"इचारू दे."

"आये, येडी झालीस का? दोन मिन्टाचं काम हाय तुजं."

"व्हय. दोन मिन्टाचं हाय. म्हनूनच न्हाई करत."

तो खाली वाकला आणि चांगुणाच्या दंडाला धरून तिला उठवायला लागला. राहीबाई मध्ये शिरली. त्यानं आईचं मनगट धरलं, तेच सुजलेलं, उजवं, आणि आत वळवलं. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. पण पकड तिनंच शिकवलेली होती. चार बोटांची पकड कितीही घट्ट असली तरी अंगठ्याच्या बाजूला ती उघडी असते. तिनं जोर न लावता हात सैल सोडला, मेंढीसारखा खाली जाऊ दिला, आणि त्याचा अंगठा होता तिकडं सगळ्या अंगाचं वजन टाकून फिरवला. पकड सुटली. तो आपल्याच जोरात मागं गेला. पाय खडीच्या उतारावरून निसटला आणि पडताना त्यानं तळहात टेकला.

तो उठून बसला तेव्हा त्याचं मनगट पळीसारखं झालं होतं. कातडीखालून हाडाचं टोक वर आलं होतं आणि तळहातातून रक्त गळत होतं. त्यानं ते बघितलं आणि तो ओरडला तो थांबेचना. "आये! आये, वड गं! बसव गं!" त्यानं हात पुढं केला.

कुणीच हललं नाही. चारशे माणसांना माहीत होतं की हे तिच्या हातचं सगळ्यात सोपं हाड आहे. एक हिसका आणि एक अंगठा. राहीबाई त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा स्वतःचा हात पोटाशी धरलेला होता. मुलगा दुखण्यानं जमिनीवर डोकं आपटत होता, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून पुढं केलेल्या हाताकडं ती नुसती बघत होती.

"काकासाहेब," ती मुकादमाला म्हणाली, "पान्याचा टँकर जामखेडला माघारी कवा जातो?"

"आता निघंल की. पन घरातली भानगड हाय ही, बाई. कशाला—"

"थांबीव त्याला."

रिकाम्या टँकरवर तिघं बसली. चांगुणा एका टोकाला, कानिफनाथ दुसऱ्या, मध्ये राहीबाई. वाटेत रस्ता असा नव्हताच. प्रत्येक खड्ड्याला दोन बाजूंनी दोन किंकाळ्या उठत होत्या आणि ती दोन्हीकडं बघत नव्हती. एकदा कानिफनाथ म्हणाला, "तू माजी आय न्हाईस." एकदा म्हणाला, "आये, मराया लागलो गं." ती टँकरच्या पत्र्याला धरून राहिली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होता, नगरकडून नुकताच आलेला. त्यानं दोन हात बघितले. "हे कसं झालं?"

"खडीवरनं पाय घसरला," कानिफनाथ दातओठ खात म्हणाला. "दोघांचाबी."

डॉक्टरनं चांगुणाकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. "घसरला," ती पुटपुटली. तीन वर्षांची सवय होती ती.

"खोटं हाय," राहीबाई म्हणाली. खोलीत कंपाउंडर होता, बाहेरच्या बाकावर बाळंतिणीचं माणूस होतं, सगळे तिच्याकडं बघायला लागले. "ह्याचा घसरला. हिचं ह्यानं पिळून मोडलं. आजचं चौथं. दोनदा डावं, दोनदा उजवं. बोट लावून बगा, तिरकी चीर लागंल. पडल्यानं तशी पडत न्हाई."

डॉक्टरनं बोट लावलं नाही. तो तिच्याकडंच बघत होता. "आधीची तीन कुणी बसवली?"

"म्या."

"तुम्ही हिच्या कोण?"

"सासू. ह्याची आय."

"मग तीनदा का नाही सांगितलं कुणाला?"

कंपाउंडरनं पाण्याचं भांडं तिच्यापुढं केलं, ते तिनं घेतलं नाही.

"नीट बसत हुतं," ती शेवटी म्हणाली, "म्हनून."

डॉक्टरनं कागद ओढला. पोलिसांना कळवावं लागेल, साक्षीला नाव कुणाचं लावू, असं त्यानं विचारलं. चांगुणानं मान वर केली. राहीबाई म्हणाली, "माजं लावा."

कानिफनाथनं आईला एक घाण शिवी दिली. बाकावरचं माणूस उठून आत आलं आणि म्हणालं, "ए, गप."

सुई टोचल्यावर चांगुणा ओरडायची थांबली. डॉक्टर पंजा धरून म्हणाला, "मावशी, कोपर धरता?" राहीबाईनं डाव्या हातानं कोपर धरलं. त्यानं ओढलं, तिच्यासारखा हिसका न देता, सावकाश, एकसारखं, आणि बराच वेळ. किंकाळी नाही, बोळा नाही. हाड जागेवर गेल्याचं मात्र तिच्या बोटांना कोपरातूनच कळलं. कानिफनाथची पाळी आली तेव्हा डॉक्टरनं पुन्हा तिच्याकडं बघितलं. तिनं मान हलवली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. त्याचं कोपर कंपाउंडरनं धरलं.

नस सुटली की नाही ते महिना-दोन महिने कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाला. नगरला नेऊन एक्स-रेचा फोटो काढा, त्या लहान हाडाचा भरवसा नाही, असंही म्हणाला. निरोप आणलेल्या माणसाकडून कळलं तसा सहादेव दुसऱ्या दिवशी काष्टीहून आला. तो राहीबाईच्या अंगावर धावून जायच्या बेतात होता, पण बहिणीनं डाव्या हातानं त्याचा सदरा धरला. तो बहिणीला आधी नगरला आणि मग घरी घेऊन गेला.

कानिफनाथला हवालदारानं दोन दिवस बसवून ठेवलं, जबाब घेतला, दम भरला. पुढं तारखा पडत राहिल्या. हात बरा झाल्यावर तो बीडच्या बाजूला कुणाची तरी मेंढरं राखायला निघून गेला आणि घरी यायचा बंद झाला. राहीबाईनं पाऊस पडेपर्यंत एकटीनं खडी फोडली. वाडीत काहींनी तिच्याशी बोलणं टाकलं. पोटच्या पोराला पोलिसांत देणारी बाई, म्हणायचे. मोडलेले हात मात्र येत राहिले आणि ती बसवत राहिली.

पुढच्या वर्षी ऊस उभा असताना ती एकटी काष्टीला गेली. बाजारचा दिवस होता. सहादेवचं घर विचारत विचारत सापडलं. चांगुणा अंगणात बसली होती. तिनं सासूला बघितलं, उठली नाही आणि "या" म्हणाली नाही.

"मी न्यायला आले न्हाई," राहीबाई उभ्यानंच म्हणाली. "हात बगायला आले."

चांगुणानं उजवा हात पुढं केला. मनगट किंचित जाड राहिलं होतं, मागं पुरतं वळत नव्हतं. राहीबाई तिच्यासमोर मातीत बसली. खळग्यात बोट दाबून बघितलं; चांगुणाच्या भुवया हलल्या, पण ती उसळली नाही. अंगठ्याच्या टोकाला नख लावलं. "कळतंय?"

"कळतंय."

"ह्ये?"

"कळतंय. मदलं जरा बधिर हाय."

राहीबाईनं आपली दोन बोटं तिच्या तळहातात दिली. "दाब."

चांगुणानं दाबलं.

"आनकी."

तिनं आणखी दाबलं. मग ती सासूच्या तोंडाकडं बघायला लागली, थेट, आणि दाबतच राहिली. तिच्या कोपरापर्यंत शिरा वर आल्या. राहीबाईची बोटं आधी लाल झाली, मग पांढरी. सांधे एकावर एक चढून कटकन वाजले. राहीबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं हात ओढून घेतला नाही.

"आनकी," ती म्हणाली.